आठ वाजताचं लग्न

मला मालिका आवडत नाहीत, हे मी लग्नाच्या आधीच सांगून टाकलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाईंनी विचारलं, "संध्याकाळची कुठली मालिका बघतेस?" मी म्हटलं, "एकही नाही. मारामारीचे सिनेमे बघते." माझ्या आईने डोळे मिटून घेतले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बरं हाय मग. रिमोटवरून भांडण नाय होणार." माझं लग्न पोह्यांवर नाही, त्या एका वाक्यावर ठरलं, असं माझं आजही मत आहे.

मतांचा माझ्याकडे कधी तुटवडा नव्हता. बोईसरला वाढल्याचा हा परिणाम. वडील तारापूरच्या एका कारखान्यात होते, आणि आम्ही राहायचो त्या इमारतीच्या खालच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, शेजारच्या गाळ्यात एक माणूस कॉमिक्स भाड्याने द्यायचा. गेमच्या दुकानात मुलगेच जायचे. मीही जायचे. मी मशीनसमोर उभी राहिले की मालक काउंटरवरून ओरडायचा, "दीदी, धीरे. बटन निकल आएगा." एकदा ते निघालंही. त्याने ते माझ्या वडिलांच्या हातात नेऊन दिलं, आणि वडिलांनी बरेच दिवस ते खिशात बाळगून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

या शिक्षणातून माझी काही तत्त्वं तयार झाली. सिनेमात पहिली मारामारी पॉपकॉर्न संपायच्या आत झाली पाहिजे. ज्या सिनेमात नायक खिडकीतून बाहेर बघत बसतो आणि कॅमेरा त्याच्याकडे बघत बसतो, त्याला बक्षीस मिळतं, दुसरा आठवडा मिळत नाही. भुताच्या सिनेमात भूत एकदा दिसलं की भीती गेलीच, तेव्हा दिग्दर्शकाने त्याला शेवटपर्यंत कपाटात ठेवावं. कॉमिक्ससारखी शिस्तीची कला दुसरी नाही, कारण तिथे रडायला एकच चौकट मिळते आणि पुढच्या चौकटीत माणसाला उठून कामाला लागावं लागतं. व्हिडिओ गेम तर सगळ्यांत प्रामाणिक. चूक केलीत, मेलात, पुन्हा पहिल्यापासून. मालिकेत कोणी धड मरतसुद्धा नाही. दरीत पडलेला माणूस सहा महिन्यांनी दाढी वाढवून दारात उभा राहतो आणि घरातलं एकही माणूस विचारत नाही, की बाबा, इतके दिवस जेवत कुठे होतास?

नवऱ्याला यातल्या कशावरच मत नाही. तो तारापूरला शिफ्टमध्ये काम करतो. सिनेमा सुरू झाला की झोपतो, संपला की उठून "चांगला होता" म्हणतो.

तर लग्न होऊन मी पालघरकडच्या माकुणसारला आले. केळी, नारळ आणि पानवेलींची वाडी, मध्ये घर, आणि घरात रात्री आठ वाजता सासूबाईंची मालिका. मी बोईसरच्या एका ऑफिसातून सातला परत यायचे आणि आठला स्वयंपाकघरातून शेरे मारायचे. "आई, ती बाई घरात बसलीय, मग वीज कुठे कडाडते? छपराला भोक आहे का?" किंवा, "आई, तिने तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं. कानाच्या डॉक्टरकडे न्या तिला." सासूबाई मान न वळवता म्हणायच्या, "तू भाकरी बघ. करपते हाय." बहुतेक वेळा खरंच करपत असायची. अशी आमची वर्षं चांगली गेली.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. पुष्कळ दिवस त्यांनी तो आम्हाला कळू दिला नाही. वाडीतलं झाड न् झाड त्यांना पायाने ठाऊक, पानवेलीची पानं तर त्या नुसत्या चाचपून खुडायच्या, मग कळणार कसं? त्यांना उघडं पाडलं टीव्हीने. त्यांची खुर्ची दर आठवड्याला थोडी पुढे सरकायला लागली. शेवटी नाक पडद्याला टेकायच्या बेताला आलं तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये गं. ही आता कोण आली?"

"कुठली?"

"ही. मला नुसती हिरवी दिसते."

ती मालिकेतली दुष्ट काकू होती, हिरव्या शालूतली. त्या दिवसापासून मालिका न बघणाऱ्या बाईवर मालिका सांगायची पाळी आली. आवाज त्यांना ऐकू यायचाच, पण आमच्या मालिकांमध्ये निम्मा वेळ कोणी बोलतच नाही, नुसते एकमेकांकडे बघतात. ते बघणं मी सांगायचे. "आता काकू नवऱ्यामुलाकडे बघतेय. आता तो भिंतीकडे बघतोय. का बघतोय ते त्यालाही माहीत नाही. दिग्दर्शक चहा प्यायला गेला असेल."

"काय झालं ते सांग," सासूबाई म्हणायच्या. "तुला काय वाटलं ते कोणी विचारलं नाय."

नवऱ्याने सुट्टी काढली आणि आम्ही त्यांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी उजवा डोळा बराच वेळ तपासला. म्हणाले, "हा फार पिकलाय. आणखी थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल. मग मोतीबिंदू काढूनही उपयोग नाही, डोळा जाईल. डावा नंतर करू, पण उजवा लवकरात लवकर." त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. परतीच्या रिक्षातून घराशी उतरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघू."

आणि त्याच आठवड्यात मालिकेतल्या नवरीला हळद लागली.

आमच्या घरात एक पद्धत आहे. हळद लागली की लग्न लागेपर्यंत घरच्या माणसाने गावाची वेस ओलांडायची नाही. नवरीने नाही, आणि तिच्या आईच्या जागी जी बाई असेल तिने तर मुळीच नाही. आमच्या लग्नात माझा नवरा स्वतःच्याच हळदीनंतर कारखान्यात निघाला होता, तर त्याला चुलत्यांनी फाटकातून उचलून परत आणलं होतं. मालिकेतली नवरी बिनआईची. तिला हळद लागली त्या संध्याकाळी सासूबाईंनी उठून देव्हाऱ्यात हळदकुंकू वाहिलं, तिच्या नावाने नारळ ठेवला आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. मी पोळ्या लाटत होते. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी मी त्यांची पिशवी भरायला घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या नाय जायचं. हळद लागली हाय."

"कोणाला?"

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

"आई, ती मालिका आहे."

"मालिका हाय ते मला काय कळत नाय? पण हळद हळदच असते. तिला आई नाय, तिच्या नावाने मी नारळ ठेवलाय."

नवऱ्याने समजावून पाहिलं. "आई, ते सगळं मुंबईत स्टुडिओत चालतं. ती हळदपण खरी नसेल."

"देवापुढचा नारळ तर खरा हाय ना?" सासूबाई म्हणाल्या. मी पिशवीत भरलेलं लुगडं परत बाहेर काढलं.

मला वाटलं, ठीक आहे, हळद लागलीय म्हणजे दोन-चार दिवसांत लग्न लागेल. मालिकांबद्दल एवढी मतं असणाऱ्या बाईने असं समजावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्या लग्नाला पहिल्यांदा लाइट गेले. मग नवरीचे दागिने चोरीला गेले. दागिने सापडले तर नवऱ्यामुलाला काकूने गोदामात डांबून ठेवलं, आणि त्याच्या जागी मुंडावळ्यांनी तोंड झाकून भलताच माणूस पाटावर येऊन बसला. तो ओळखला गेला तेवढ्यात दारात कोणी अनोळखी बाई येऊन "थांबा" म्हणाली. मग त्या मांडवातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला, वाढप्यासकट. आमच्या गावात लग्नात कोणी "थांबा" म्हणालं तर त्याला आधी पानावर बसवतील. जेवून झाल्यावर त्याला काय ते बोलू देतील, आणि तोवर लग्न लागलेलं असेल.

डॉक्टरांची पहिली तारीख गेली. मी फोन केला तर ते चिडले. पुढची तारीख देतो म्हणाले, पण हीसुद्धा टाळलीत तर डोळ्याची जबाबदारी तुमची. कारण काय, असं त्यांनी विचारलं. घरात लग्न आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "अभिनंदन."

त्यानंतर एका सकाळी मी सासूबाईंना विहिरीपाशी पाहिलं. एक पाय पुढे करून त्या कठडा शोधत होत्या, आणि कठडा त्यांच्या डाव्या हाताला राहिला होता. मी धावत जाऊन त्यांना धरलं आणि नंतर वाडीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांच्यावर ओरडले. मी ओरडते तेव्हा मी घाबरलेली असते. आमच्या घरात हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "झालं? आता कळशी उचल."

शेजारच्या घरात माझी चुलत जाऊ राहते. तिच्याकडे मी तणतणत गेले. ती तांदूळ निवडत होती. "लग्नाचं निमित्त हाय गं," ती म्हणाली. "त्यांच्या मोठ्या बहिणीचा डोळा गेला ना, फार वर्षांपूर्वी. चांगली चालत गेली दवाखान्यात आणि आली ती हात धरून आली. तेव्हापासून घाबरतात. सांगणार नाय कोणाला."

मला हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाशी वाद घालून काही होत नाही, हे मला स्वतःवरून ठाऊक. तेव्हा पद्धत मोडायची नाही आणि देवाच्या नारळाला धक्का लावायचा नाही, एवढं धरून एकच मार्ग उरत होता. ती मालिकावाली माणसं लग्न लावत नव्हती, तर ते आपणच लावून टाकायचं.

संध्याकाळी मी टीव्हीच्या बॉक्सची वायर ओढून काढली आणि बॉक्स बिघडल्याचं जाहीर केलं. सासूबाईंचा चेहरा पडला. मी म्हटलं, "मोबाईलवर दिसतं की. पण माझ्या फोनचा स्पीकर गेलाय, कानात वायर घालून ऐकावं लागेल. मी ऐकते आणि तुम्हाला सांगते." कानात त्या काही घालत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. एकदा घातलं होतं तर मुंगी गेल्यासारखं वाटतं म्हणून फेकून दिलं होतं. जावेला मी सगळं सांगून ठेवलं होतं, कारण तिच्या घरात खरी मालिका चालू असायची आणि तिचं तोंड बंद ठेवणं गरजेचं होतं. तोंड बंद ठेवायची तिची एकच अट होती. तिलाही ऐकायला यायचं होतं.

आठ वाजले. मी कानात वायर घातली, फोनवर माझा गोळ्या जुळवायचा गेम उघडला आणि सुरुवात केली. माझा बेत अगदी सोपा होता. नवरामुलगा गोदामातून सुटतो, मांडवात येतो, लग्न लागतं, समाप्त. भाजी निवडून होईल एवढ्या वेळाचं काम.

"तो सुटला," मी म्हटलं.

"कसा?" सासूबाई म्हणाल्या.

मी गोळ्या जुळवायची थांबले. "दार तोडून."

"हात बांधलेले होते ना?"

"दातांनी दोरी सोडवली."

"हात पाठीमागे होते," जाऊ म्हणाली. मी तिच्याकडे रागाने बघितलं. ती मालिका रोज बघायची आणि तिला सगळं आठवत होतं. मग मला एक खिळा आणावा लागला, खिळ्यावर दोरी घासावी लागली, पहारेकरी आणावे लागले, आणि पहारेकरी आले तर मारामारी आली. ती मात्र मी मनापासून केली. ड्रमवर ड्रम पडले, एक जण पिंपात गेला, एकाला मी पंख्याला लटकवलं. शेवटी नवरामुलगा स्कूटरवर बसून खाडीच्या बांधावरून निघाला आणि मागे काकूची माणसं जीप घेऊन.

"मालिका पुण्यातली हाय. खाडी कुठून आली?" सासूबाईंनी विचारलं.

"शूटिंग आपल्याकडेच झालं असेल."

"हं," त्या म्हणाल्या. साडेआठ वाजले तेव्हा नवरामुलगा अजून बांधावरच होता.

दुसऱ्या संध्याकाळी मी त्याला मांडवात आणला आणि नवरीला बोलावलं. "मामा कोण?" सासूबाई म्हणाल्या. नवरीच्या पाठीशी मामा हवा, हे मी पार विसरले होते. बिनआईच्या त्या पोरीला मालिकेत मामा दिलेलाच नव्हता. मुहूर्त जवळ आलेला, दोन्ही बायका माझ्याकडे बघतायत आणि मला मामा सुचत नाहीये. मी काय करावं? मी दारात एक अनोळखी माणूस उभा केला आणि त्याला "थांबा" म्हणायला लावलं.

तो शब्द तोंडातून गेला तेव्हा मला माझीच लाज वाटली. पण त्या घटकेला माझ्या लक्षात आलं, की ती मालिका लिहिणारी माणसं मूर्ख नसतात, त्यांना मामा सुचत नसतो. रात्रभर विचार करायला मिळतो म्हणून ती "थांबा" म्हणतात. माझं मालिकांबद्दलचं मत तेवढंच बदललं. बाकी तसंच आहे.

तिसऱ्या संध्याकाळी तो अनोळखी माणूसच मामा निघाला. आमच्याच भागातल्या शिरगावचा. लहानपणी ताटातूट झालेला. जावेला तो फार आवडला आणि तिने त्याच्या हातून नवरीला पाटल्या द्यायला लावल्या. मी काकूला गप्प बसवून अक्षतांकडे निघाले होते, पण सासूबाई ऐकेनात. "ती गप्प बसली? ती बसणारी बाई नाय." मग काकूला पोटाचा त्रास सुरू करावा लागला. जेवणाचा विषय निघाला तसं पंगतीत काय होतं तेही आलं, आणि घाईत मी वरणभात, वालाची भाजी आणि बुंदी वाढून मोकळी झाले.

"एवढे बंगलेवाले, आणि वालाची भाजी?"

"साधी माणसं आहेत मनाने."

"आणि सासू काय करते?" म्हणजे नवऱ्यामुलाची आई. खऱ्या मालिकेत ती खांबामागे उभी राहून नुसती ओठ चावते. माझ्याकडे मात्र तिने नवरीला जवळ घेतलं. म्हणाली, पोरी, या घरात तुला कोणी वर मान करून बोललं तर मला येऊन सांग. मी हे का सांगितलं ते मला ठाऊक नाही. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

चौथ्या संध्याकाळी ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं. आज काही झालं तरी लग्न लागायलाच हवं होतं. आठ वाजता मी नवरानवरीला समोरासमोर उभं केलं, मध्ये अंतरपाट धरला, मामा मागे, काकू मोरीत. सगळं जमलं होतं. आणि त्याच वेळी माझा नवरा आला. त्याची शिफ्ट लवकर सुटली होती. आम्ही तिघी फोनभोवती बसलेल्या बघून त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो थेट टीव्हीमागे वाकला, सैल वायर दिसली ती खोचली आणि रिमोट दाबला. "अगं, एवढंच तर होतं," तो म्हणाला.

खोलीत वीज कडाडली. मग खऱ्या नवऱ्यामुलाचा आवाज आला, गोदामातला. "मला सोडा. माझं लग्न आहे."

मी हातातला फोन घट्ट धरला. सगळं गेलं, लग्न गेलं आणि डोळाही गेला, असं वाटून मला तिथेच रडू यायला लागलं. नवरा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. जाऊ म्हणाली, "जुना भाग दाखवतात वाटतं." तिचा आवाज इतका खोटा होता की शेंबडं पोरसुद्धा फसलं नसतं.

सासूबाई टीव्हीच्या दिशेने तोंड करून ऐकत राहिल्या. गोदामातला माणूस पुन्हा ओरडला. मग त्या म्हणाल्या, "जुनाच असणार. बंद कर रे ते." नवऱ्याने बंद केला. त्या माझ्याकडे वळल्या. "तू पुढे सांग. अंतरपाट केव्हाचा धरलाय, धरणाऱ्यांचे हात दुखत असतील."

मी पुढे सांगितलं. फोन बाजूला ठेवला, कानातली वायर कधी पडली ते मला कळलंही नाही. मंगलाष्टकं मला धड येत नाहीत, मी येतील तेवढी म्हटली, उरलेली सासूबाईंनी म्हटली. जाऊ घरात जाऊन तांदूळ घेऊन आली. आम्ही त्या खोलीत कोणीही नसलेल्या जागेवर अक्षता टाकल्या, नवऱ्यानेही टाकल्या, का ते न विचारता. सासूबाई रडल्या, मी रडले, आणि ते काही एका चौकटीत आटपलं नाही. मग त्यांनी उठून चाचपत देव्हाऱ्यातला नारळ काढला आणि नवऱ्याला फोडायला दिला.

ऑपरेशनच्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घातला, टोपी घातली. आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं. "मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "मलाही," मी म्हटलं. नर्स म्हणाली, "आजी, घाबरायचं काही नाही," आणि आम्ही दोघींनीही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दार बंद झाल्यावर मी गेम उघडून बसले आणि पहिल्याच पायरीवर पुन्हा पुन्हा मेले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टर त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "काय दिसतंय?"

सासूबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "मागल्या वेळी तुमी मला तरणे वाटलात," त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. डोळा वाचला होता. मला एवढा आनंद झाला, की कॅन्टीनमधल्या टीव्हीवर लागलेला एक भिकार सिनेमा मी चांगला मानून पाच मिनिटं बघितला.

थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी त्यांना टीव्ही बघायला परवानगी दिली. त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची मागे ओढली, अगदी भिंतीपर्यंत, आणि आठ वाजता टीव्ही लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पडद्यावर गोदाम होतं, गोदामात नवरामुलगा होता, आणि तो अजून बांधलेला होता. मांडवात नवरी बसली होती. काकू हसत होती. वीज कडाडत होती.

सासूबाईंनी सगळा भाग बघितला, जाहिरातींसकट. मध्ये दोनदा त्या बोलल्या. एकदा म्हणाल्या, "नवरी थोराड हाय गं." आणि एकदा, "ह्याचे हात पुढे बांधलेत आता. मघाशी मागे होते." माझ्या लबाडीचा विषय आता काढतील, आता काढतील म्हणून मी वाट बघत होते. तव्यावर भाकरी होती, तिचा वास मला येत होता, पण दारातून पाय निघेना.

भाग संपला. त्यांनी टीव्ही बंद केला. "ह्यांचं कधी लागायचं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे केव्हाच लागलं."

मी आत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. कामाचं बोलून घ्यावं म्हणून मी म्हटलं, "आई, डॉक्टर म्हणत होते, डाव्या डोळ्याची तारीख घ्या. घेऊ का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नव्या डोळ्याने त्या दिवसांत त्या सगळ्यांकडेच जरा जास्त वेळ बघायच्या.

"घे," त्या म्हणाल्या. "त्या वेळेला नवरीच्या पोराचं बारसं कर. मामाला बोलव, काकूलापण बोलव, नायतर मजा नाय येत. आणि सासूला एवढी गोड करू नको ह्या वेळी. कोणाला खरं वाटत नाय."